नावाला नाव जोडताना

‘पूर्वी सरासरी आयुष्य तीस-पस्तीस वर्षांचं होतं असं सांगतात. मग आमच्या कुलवृत्तांतात बघावं तो पुरुष पंच्याहत्तरीचा कसा?’

प्रश्न रास्त आहे. कुलवृत्तांत उघडला की कुणी पेशवाईत कारकून, कुणी इंदुरास गेलेला, कुणी काशीयात्रा करून आलेला, आणि आयुष्यं सगळ्यांची दणदणीत. अशा घरातल्या वाचकाला ‘सरासरी पस्तीस’ ही थाप वाटली तर त्याचा दोष नाही. त्याच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. एक सरासरीच्या हिशेबात आहे, ते लगेच देतो. दुसरं उत्तर, कुणाची नोंद झाली आणि कुणाची झालीच नाही, यात आहे. त्याला हे सगळं प्रकरण लागेल.

पस्तिशीत कोणीच मेलं नाही

समजा, एका वर्षी एका गावात दहा मुलं जन्मली. दोन महिन्याभरातच गेली, त्यांचं वय शून्य धरू. एक दुसऱ्या वर्षी गेलं, एक आठव्या वर्षी. उरलेली सहा अनुक्रमे ३०, ४५, ५५, ६२, ७० आणि ७८ वर्षं जगली. बेरीज करा: ३५०. भागिले दहा, म्हणजे सरासरी ३५. पण या दहांत पस्तिसाव्या वर्षी मेलेला एकही नाही. जी सहा जणं मोठी झाली त्यांची सरासरी काढली तर ती ५६च्या पुढे जाते, आणि त्यातल्या दोघांनी तर सत्तरी गाठली. सरासरी खाली ओढली ती पाळण्यातल्या मरणांनी. पणजोबा पंच्याहत्तर वर्षं जगले हे खरं, आणि सरासरी पस्तीस हेही खरं.

मग पुढचा प्रश्न असा, की हे पस्तीस काढतात कसं? दोनशे वर्षांपूर्वीच्या मृत्यूंची यादी मिळाली म्हणून मेलेल्यांच्या वयाची सरासरी काढून भागत नाही. पेन्शनरांच्या एखाद्या कॉलनीत वर्षभरात झालेल्या मृत्यूंचं सरासरी वय ऐंशी निघेल, आणि नुकतीच लग्नं झालेल्या कामगारांच्या नव्या वसाहतीत ते पंचवीसही निघेल. वसाहतीची हवा वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. तिथे म्हातारं माणूसच नाही, तर मरणार कोण?

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. मेलेले किती, हा अंश. तो थडग्यांवरून, स्मशानाच्या वहीवरून, जुन्या पत्रांवरूनही थोडाफार मिळतो. पण त्या वयाची जिवंत माणसं त्या वेळी किती होती, हा छेद मिळवणं महाकठीण. जुन्या नोंदींवर काम करणारा लोकसंख्याशास्त्रज्ञ आयुष्यभर छेदाच्या मागे धावत असतो.

देवासाठी, करासाठी

ज्या वह्यांवर हा शोध चालतो, त्या या कामासाठी लिहिलेल्याच नव्हत्या.

इंग्लंडात १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद दर आठवड्याला व्हावी आणि वही कुलुपबंद पेटीत राहावी. लोकांना वाटलं, आता बारशावर आणि मयतीवरही कर बसणार. तेव्हा तरी कर बसला नाही. क्रॉमवेलचंच डोकं दोन वर्षांत उडवलं गेलं, वह्या मात्र चालू राहिल्या. १५९८ साली कागदी वह्या चामड्याच्या टिकाऊ पानांवर उतरवून काढण्याचा आदेश निघाला. तेव्हा ‘निदान सध्याच्या राणीच्या कारकिर्दीपासून तरी उतरवा’ अशी सवलत होती. पाद्री म्हणजे शेवटी माणूसच. त्याने सवलत घेतली. म्हणून इंग्लंडमधल्या कितीतरी वह्या १५३८ ऐवजी १५५८ पासून, एलिझाबेथ राणी गादीवर आल्या वर्षापासून सुरू होतात. वीस वर्षांची माणसं अशी एका सवलतीत गेली.

जपानात तोकुगावा राजवटीला ख्रिस्ती धर्माची धास्ती होती. त्यामुळे गावोगाव घरटी याद्या व्हायच्या: घरात कोण कोण आहे आणि ते कोणत्या बौद्ध देवळाशी बांधलेले आहेत. ख्रिस्ती हुडकण्यासाठी केलेल्या या याद्यांवरून विसाव्या शतकात आकिरा हायामी यांनी खेड्यांतली लग्नं, जन्म आणि शहरांकडची वाट यांचा अभ्यास उभा केला.

सगळ्यांत तपशीलवार दप्तर मात्र स्वीडनचं. १६८६च्या चर्च-कायद्याने तिथल्या पाद्र्यांवर नोंदींची सक्ती आली. लोकांना ल्यूथरची प्रश्नोत्तरावली वाचता येते का आणि समजते का, हे पाहायला पाद्री घरोघरच्या माणसांची तोंडी परीक्षा घेई. त्या परीक्षेच्या वहीत एकेका घराला एकेक पान. मालक, मालकीण, मुलं, गडी, मोलकरीण, प्रत्येकाची जन्मतारीख आणि वाचनाचे शेरे. माणूस मेला किंवा गाव सोडून गेला की त्याच्या नावावर रेघ. १७४९ पासून तर प्रत्येक पाद्र्याला आपल्या हद्दीतले जन्म, मृत्यू आणि मृत्यूची कारणं तक्त्यात भरून वर पाठवावी लागत. सबंध देशाची सलग लोकसंख्या-आकडेवारी जगात इथूनच सुरू होते. पहिल्या बेरजा आल्या तेव्हा देशात जेमतेम अठरा लाख माणसं असल्याचं दिसलं, आणि सरकारने तो आकडा गुपित ठेवला. आपण किती थोडे आहोत हे शेजारच्या राजाला कशाला कळू द्या!

एका कुटुंबाची एक चिठ्ठी

अशा वह्या शेकडो वर्षं फडताळात होत्या. वंशावळ शोधणारे त्या चाळत, पण त्यांतून जननदर, मृत्युदर काढता येतील हे पद्धतशीरपणे दाखवलं फ्रान्सच्या लुई आंरी याने. त्याला पडलेला प्रश्न वेगळाच होता. पाळणा लांबवण्याचे कोणतेही उपाय जोडप्यांनी केले नाहीत तर मुलं किती होतात? विसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये याचं उत्तर मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून तो मागे गेला. आधी जिनिव्हाची जुनी घराणी पाहिली, मग नॉर्मंडीतलं क्र्युले हे लहानसं गाव. सतराव्या-अठराव्या शतकातल्या क्र्युलेचा त्याचा अभ्यास १९५८ साली आला.

पद्धत ऐकायला पोरखेळ वाटते. प्रत्येक लग्नाची एक चिठ्ठी करायची. वर नवरा-बायकोची नावं आणि लग्नाची तारीख, खाली मुलांच्या बाप्तिस्म्यांच्या तारखा, मग ज्या दफनांचा मेळ लागेल ती दफनं. तीन वेगवेगळ्या वह्यांत विखुरलेलं कुटुंब एका कागदावर परत एकत्र येतं. याला कुटुंबाची फेरजुळणी म्हणू.

चिठ्ठी भरली की नुसत्या तारखा बोलायला लागतात. हे कल्पित उदाहरण पाहा. फेब्रुवारी १६९० मध्ये लग्न. पहिलं मूल जानेवारी १६९१, दुसरं एप्रिल १६९३, तिसरं जुलै १६९५. हे तिसरं पंधरा दिवसांतच गेलं. चौथं आलं ऑगस्ट १६९६ मध्ये, पाचवं नोव्हेंबर १६९८ मध्ये. अंतरं मोजा. पहिली दोन सत्तावीस-सत्तावीस महिन्यांची. तिसऱ्यानंतरचं अंतर एकदम तेरा महिन्यांवर आलं, आणि मग पुन्हा सत्तावीस. काय घडलं असेल? आई मुलाला अंगावर पाजत असते तोवर पुन्हा दिवस जाण्याची शक्यता कमी असते. तिसरं मूल गेलं, पाजणं थांबलं, पाळणा लवकर हलला. त्या बाईने आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही, बहुधा तिला लिहिता येतही नसेल, तरी ती मुलांना वर्षभराच्या पुढे पाजत होती हे आपण आज सांगू शकतो. अर्थात एका चिठ्ठीवरून असं काही म्हणायचं नसतं. तेच अंतर शेकडो चिठ्ठ्यांत दिसलं तर म्हणायचं.

केंब्रिजमध्ये १९६४ साली सुरू झालेल्या अभ्यासगटाने हे काम इंग्लंडच्या वह्यांवर नेलं. ४०४ पॅरिशमधले जन्म, लग्नं आणि मृत्यू महिन्यावार मोजून काढणारे बहुतेक जण हौशी होते, आपापल्या गावच्या इतिहासाचं वेड असलेले. त्यांच्या कष्टावर रिग्ली आणि स्कोफील्ड यांचा १५४१ ते १८७१ या काळातल्या इंग्लंडच्या लोकसंख्येचा जाडजूड ग्रंथ १९८१ साली उभा राहिला. त्या सबंध काळात तिथलं सरासरी आयुर्मान बहुधा तिशीच्या घरातच घुटमळत होतं.

याच वाटेने एक पक्का समजही मोडला. आपल्याकडच्या बालविवाहांवरून आपण धरून चालतो की जुन्या काळी सगळीकडे असंच असणार. क्र्युलेतल्या मुली चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी लग्न करत होत्या. इंग्लंडात डेव्हन परगण्यातल्या कोलिटन गावी प्लेगने हाहाकार केल्यानंतर, १६४७ ते १७१९ या काळात, बायकांचं पहिल्या लग्नाचं सरासरी वय जवळजवळ तीस होतं! शिवाय तिशीनंतर त्यांना होणारी मुलंही अपेक्षेपेक्षा कमी होती. रिग्लींनी १९६६ मध्ये यावरून म्हटलं, की ही जोडपी जाणूनबुजून पाळणा थांबवत होती. त्यावर वाद झाले, ते होणारच. एका गावाच्या वहीवर सबंध देशाचं अंथरूण पसरता येत नाही.

छत्तीस गुण

चिठ्ठी भरायची म्हणजे या वहीतली ‘अन्ना’ आणि त्या वहीतली ‘अन्ना’ एकच, हे ठरवायचं. सगळं घोडं इथेच अडतं.

स्वीडनच्या खेड्यांत आडनावं नव्हती, बापाचं नाव लागे. अन्देर्सचा मुलगा पेर हा पेर अन्देर्सन, आणि पेरने मुलाला आजोबाचं नाव ठेवलं की तो अन्देर्स पेर्सन. त्याचा मुलगा पुन्हा पेर अन्देर्सन. आपल्याला हे नवं नाही. गणपत तुकाराम, त्याचा तुकाराम गणपत, त्याचा पुन्हा गणपत तुकाराम. जमिनीच्या खटल्यात वकील यावर पिढ्यान्‌पिढ्या जगले आहेत. त्यात भर म्हणजे सैन्यात गेलेल्या स्वीडिश गड्याला नवं, तोडकं नाव मिळे, कुणी ‘रास्क’ म्हणजे चपळ, कुणी ‘मोदिग’ म्हणजे शूर. भरतीआधीचा पेर्सन भरतीनंतर रास्क, आणि दोघं एकच आहेत हे वहीत कुणी लिहिलेलं नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी आणखी एक रीत होती. मूल गेलं की त्याचंच नाव पुढच्या मुलाला ठेवायचं. पहिल्या अन्नाच्या दफनाची नोंद राहून गेली असेल, तर एकच अन्ना दोनदा जन्मलेली दिसते.

बायकांचा माग काढणं आणखी अवघड. स्वीडनमध्ये आणि फ्रेंच कॅनडात बाई लग्नानंतरही वहीत माहेरच्या नावाने राही, म्हणून तिथे ती सापडते. इंग्लंडात नवऱ्याचं आडनाव लागलं की धागा एकदा तुटतो. आपल्याकडे तर बाईचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळंच एका दिवसात बदलायचं.

आता हे जुळवण्याचं काम संगणक करतो. कसं करतो ते पत्रिका जुळवण्यासारखं आहे. नाव सारखं असेल तर इतके गुण, जन्मवर्षात एकाचाच फरक असेल तर इतके, जन्मगाव तेच असेल तर इतके. वेगवेगळं लिहिलेलं नाव एकच आहे हे ओळखायला उच्चाराचा सांगाडा काढतात. सखुबाई, सखूबाई, सकुबाई यांतले स्वर गाळा, ‘क’ आणि ‘ख’ एकच धरा, तिन्हींचा सांगाडा तोच निघतो. इंग्रजी नावांसाठी अशा एका पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १९१८ सालीच घेतलं गेलं होतं.

मग किती गुणांना लग्न ठरवायचं? छत्तीसपैकी अठरांना होकार दिला तर भरपूर जोड्या जुळतात, पण कुणाचं बाळ कुणाच्या पदरात पडेल सांगता येत नाही. बत्तिसावर अडून बसलात तर जुळतात त्या जोड्या पक्क्या, पण मग जगावेगळ्या नावाची, एकाच गावात जन्मभर राहिलेली, अक्षर चांगलं असलेल्या पाद्र्याच्या हद्दीतली माणसंच तेवढी हाती लागतात. पहिल्या चुकीत खोटी माणसं तयार होतात, दुसरीत खरी माणसं हरवतात. मला विचाराल तर दुसरी जास्त घातक. खोटी जोडी कधी ना कधी कुणाच्या तरी डोळ्यावर येते. हरवलेल्यांची आठवण कोणालाच होत नाही.

शाळा सोडल्याचा दाखला

आता या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ती समजली की बाकी सोपं आहे.

हजेरीपटावर एका मुलीच्या नावापुढे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हजेरी आहे, मग कोरं. ती शाळा सोडून गेली? आजारी आहे? की मास्तरच हजेरी घ्यायला विसरले? शाळा सोडल्याचा दाखला दिल्याची नोंद असेल तर प्रश्न मिटतो. नोव्हेंबरपर्यंत ती आपल्या नजरेखाली होती, पुढचं आपलं नाही.

फेरजुळणीच्या चिठ्ठीत नेमकी हीच अडचण येते. दफनाची नोंद मिळाली नाही म्हणजे माणूस जगला की दुसऱ्या गावी जाऊन मेला? स्वीडनच्या वह्या सोन्याच्या ठरल्या त्या इथे. गाव सोडणाऱ्याला पाद्र्याकडून दाखला घ्यावा लागे आणि नव्या गावच्या पाद्र्याला तो दाखवावा लागे. एका शेतावर एखाद-दोन वर्षं राबून दुसऱ्या शेतावर जाणारी मोलकरीण कधी नजरेखाली आली आणि कधी गेली, हे वहीत मिळतं.

याचा फरक किती पडतो ते पाहू. वीस वर्षांच्या अवधीत चार बायका. पहिली दहा वर्षं दिसते, मग गाव सोडते. दुसरी चार वर्षांनी जाते. तिसरी पुरी वीस वर्षं गावात. चौथी सहाव्या वर्षी मरते. नजरेखाली घालवलेली वर्षं १० + ४ + २० + ६ = ४०. मृत्यू एक. म्हणजे हजार वर्षांमागे २५ मृत्यू. आता गाव सोडल्याच्या नोंदी नाहीत असं समजा. मेल्याचं दिसत नाही म्हणजे जिवंतच होत्या, असं धरून पहिल्या दोघींना वीस-वीस वर्षं दिली, तर बेरीज ६६ होते आणि दर उतरतो १५ वर. मृत्यू तोच, गाव तेच. छेद फुगला आणि गाव निरोगी झालं!

स्वीडनच्या उमिओ विद्यापीठात १९७३ पासून या वह्यांतली माणसं एकेक करून संगणकात उतरवली गेली, दक्षिणेत लुंड विद्यापीठाने स्कोने प्रांतातल्या काही पॅरिशचं असंच भांडार केलं. १९४७ मध्ये स्वीडनने प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक दिला, त्यामुळे पाद्र्याच्या वहीतला धागा आजच्या नोंदींपर्यंत नेता येतो.

आजी, सासू आणि राईचा भाव

एवढा खटाटोप करून मिळालं काय? थोडे निष्कर्ष सांगतो.

बायकांची मूल होण्याची क्षमता संपल्यावरही त्या इतकी वर्षं का जगतात, हा जीवशास्त्रातला जुना प्रश्न. विर्पी लुम्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंड आणि कॅनडाच्या जुन्या चर्च-नोंदींतल्या बायका तपासल्या. पन्नाशीनंतर बाई जितकी जास्त जगली तितकी तिची नातवंडं जास्त, साधारण दर दहा वर्षांमागे दोन. आजी हयात असली तर लेकी-सुना लवकर बाळंत होत होत्या आणि त्यांची जास्त मुलं जगत होती. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला.

ऐकायला गोड आहे. पण जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यावरच्या क्रुमहोर्न भागाच्या नोंदी त्याआधी दोनच वर्षं वेगळं सांगून गेल्या होत्या. तिथे आईची आई हयात असेल तर बाळ जगण्याची शक्यता वाढत होती, आणि बापाची आई हयात असेल तर बाळ पहिल्या महिन्यात दगावण्याची शक्यता वाढत होती. सासुरवासाच्या ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्राला हे सांगायला जर्मन प्राध्यापक कशाला हवेत, असं कोणी म्हणेल. तरी वहीतून ते दिसणं वेगळं. कारण काय, गरोदर सुनेवर पडणारं काम की आणखी काही, हे मात्र तारखा सांगत नाहीत.

स्कोनेच्या भांडारात टॉमी बेंग्टसन यांनी एक धान्याचा भाव आणला. राई हे तिथलं गव्हासारखं मुख्य धान्य. भाव चढला की पुढच्या काळात कोण मरतं? जमिनीचे मालक फारसे नाहीत, भूमिहीन मजूर जास्त. दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या वर्षी साथींनी अर्भकं फार मेली त्या वर्षी जन्मून जी वाचली, ती पंचावन्नच्या पुढे इतरांपेक्षा लवकर मरत होती. पाळण्यातली साथ अर्धशतक अंगात राहिली होती.

स्वीडनच्या उत्तर टोकाचं ओव्हरकालिक्स हे पॅरिश तर जगभर गाजलं. आजोबा नऊ ते बारा वर्षांचे असताना गावात पीक उदंड आलं होतं की दुष्काळ होता, याचा संबंध नातवांच्या आयुष्याशी लागतो, असं तिथल्या नोंदींवरून मांडलं गेलं. आजोबांनी पोटभर खाल्लं तर नातू लवकर मरतो! वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? पण माणसं होती तीनशेच्या आसपास. इतक्या थोड्या माणसांत आजोबा-आजी, नातू-नात अशा निरनिराळ्या जोड्या लावत बसलं की एखादी जोडी नशिबानेही चमकते. २०१८ मध्ये स्वीडनमधल्याच उप्सालाच्या अकरा हजारांहून जास्त नातवंडांवर हाच प्रश्न तपासला गेला. वडिलांचे वडील आणि नातू यांच्यातला संबंध काही अंशी दिसला, मुख्यतः कर्करोगाच्या मृत्यूंत. ओव्हरकालिक्सवरून मधुमेहाचाही जो संबंध आधी सांगितला गेला होता तो दिसला नाही. मी ही गोष्ट अजून ‘कदाचित’च्या फडताळात ठेवतो.

वहीत नसलेले

आता कुलवृत्तांताकडे परत येऊ. तिथे सगळे पंच्याहत्तरीचे का?

कुलवृत्तांत मागे वळून लिहिलेला असतो. ज्यांचा वंश चालला त्यांच्या नातवा-पणतवांनी माहिती पाठवली, म्हणून ते आत आले. महिन्याभरात गेलेली दोन मुलं आठवणारं कोणी उरलं नव्हतं. तिशीत निपुत्रिक मेलेला काका ‘पुढे वंश नाही’ एवढ्यावर आटोपला. मुली लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेल्या. वर दिलेल्या दहा मुलांतली शेवटची चार-पाचच पुस्तकात पोचतात, मग सरासरी साठीच्या पुढे जाईल नाहीतर काय? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचंही असंच आहे. वंशावळीसाठी त्या अमूल्य आहेत. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रं अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने काढून ठेवली ती उगाच नव्हे. पण तिथे तारीख असते ती यात्रेची. जो यात्रेला गेलाच नाही तो छेदात कसा येणार?

चर्चच्या वह्यांतही भोकं आहेतच. इंग्लंडात बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ अनेकदा नोंदलंच गेलं नाही. अधिकृत चर्च सोडून वेगळ्या पंथात गेलेली कुटुंबं गायब. १६४०च्या दशकातल्या यादवीत कित्येक गावांची पानंच्या पानं कोरी. आणि फेरजुळणी पूर्ण होते ती गावात टिकून राहिलेल्यांची, पोटासाठी वणवण करणाऱ्यांची चिठ्ठी अर्धीच राहते. जाणकार अभ्यासक आपल्या निबंधाची निम्मी पानं या भोकांवर खर्च करतो. कंटाळवाणी असतात ती, पण मी आधी तीच वाचतो.

गाव नमुना १४

आपल्याकडे असं काही आहे का?

जनगणना आहे, १८७२ पासून. पण घरोघर भरलेल्या मूळ याद्या बेरजा झाल्यावर नष्ट करण्याची आपली रीत. इंग्लंड-अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेत माणसाचं नाव सापडतं, आपल्याकडे तालुक्याची बेरीज सापडते.

नुसत्या बेरजांनीही पुष्कळ काही सांगता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली वऱ्हाडची जन्म-मृत्यू नोंद त्या काळच्या हिंदुस्थानात चांगल्यांपैकी गणली जाते. टिम डायसन या लोकसंख्याशास्त्रज्ञाने वऱ्हाडची आणि इतर प्रांतांची दुष्काळातली महिन्यावार आकडेवारी लावून पाहिली. जन्माच्या महिन्यातून नऊ वजा केले की दिवस गेल्याचा महिना येतो. तसं केल्यावर दिसलं, की दुष्काळ पुरता अंगावर यायच्या आधीच गर्भधारणा घटू लागत. आणि मृत्यूंचं शिखर बहुतेक वेळा कडक उन्हाळ्यात नसून पाऊस परतल्यावर येई. उपाशी, खंगलेल्या माणसांवर पावसाळ्यातला हिवताप तुटून पडे. पाऊस आला म्हणून गाव आनंदलं असेल, नोंदवही सांगते की मरणं तेव्हाच वाढली. पण ही बेरीज आहे. ज्या घरात भूक होती त्याच घरात हिवतापाचा बळी गेला का, हे बेरजेतून कळत नाही. त्यासाठी नावाला नाव जोडावं लागतं.

आणि नावं आहेत. जुन्या महसुली दप्तरातला गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, विदर्भात कोतवाल बुक. जातीचा दाखला काढायला गेलेल्या प्रत्येकाला हे शब्द ठाऊक आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधताना हीच दप्तरं जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली गेली, मोडी वाचणारे शोधून बसवले गेले, पानं स्कॅन झाली. छेद मिळवणाऱ्यांसाठी एवढा मोठा साठा क्वचितच एकदम उजेडात येतो. अडचण आहे ती नावाचीच. आपल्याकडे मूल जन्मल्यावर नाव लगेच ठेवत नाहीत, त्यामुळे जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. छत्तीसपैकी नावाचे गुण आधीच गेले. जोडी लावायची ती बापाचं नाव, गाव आणि तारखा एवढ्यावर.

तरी लावता येते. मोडी वाचणारा जातीच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली जातो, हवा तो शब्द सापडला की थांबतो. ज्या ओळी त्याने ओलांडल्या त्यांत आषाढात जन्मलेली तुकारामाची एक मुलगी असते, आणि दोन-तीन पानं पुढे, कार्तिकात, मृत्यूंच्या यादीत तुकारामाची एक मुलगी, वय चार महिने, ताप.